डोक्यातली गाठ आणि चपलेचं माप

मागच्या अंकात थायरॉईडवर लिहिताना शेवटी पिट्युटरी ग्रंथीबद्दल दोन ओळी टाकल्या होत्या, तर यावेळी निम्मी पत्रं त्या दोन ओळींवरच आलीत. पिट्युटरीची गाठ म्हटलं की डोकं दुखतं आणि नजर जाते एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं, पण तुमच्या पत्रातल्या तक्रारी बघा, कुणाची अंगठी निघंना, कुणाच्या नाकातून पाणी गळतंय, कुणाचं सोडियम सारखं खाली जातंय. म्हणून यावेळचं सगळं सदर ह्याच विषयाला देतोय.

पत्रांकडं वळण्याआधी थोडं सांगतो. ही ग्रंथी नाकाच्या मागं, कवटीच्या तळाला एका खोबणीत बसलेली असते, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास. थायरॉईड, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथी, अंडाशय, अंडकोष, अंगावरचं दूध, उंची, लघवीचं पाणी, ह्या सगळ्यावर तिचा हुकूम चालतो. आणि तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. इथल्या गाठी बहुतेक करून कॅन्सरच्या नसतात, पण त्या एकतर एखादं हार्मोन जास्त बनवतात, नाहीतर वाढून ग्रंथीला आणि नसांना दाबतात, कधी दोन्ही. त्यामुळं पेशंट कधी दाताच्या डॉक्टरकडं जातो, कधी बाईच्या डॉक्टरकडं, कधी मनाच्या, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या दुखण्याचा एकेक तुकडा बघितला जातो. सगळे तुकडे एका टेबलावर कुणी मांडत नाही, खरी अडचण तिथं आहे.

प्रश्न – माझे वडील ५२ वर्षांचे, लातूरला आडतीवर कामाला आहेत. तीन-चार वर्षात चपलेचं माप आठवरून दहावर गेलं. लग्नातली अंगठी निघंना म्हणून सोनाराकडून कापून घेतली. दातात फटी पडल्यात, लई घोरतात, घाम तर थंडीत पण येतो. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत पण शुगर हलंना. रात्री हाताला मुंग्या येतात म्हणून मणक्याचा एक्स-रे पण झाला. हे सगळं वयामुळं असतंय का? – लातूर

उत्तर – नाही ताई, वयानं चपलेचं माप दोन नंबरनं वाढत नाही. तुम्ही पत्रात जे एकाखाली एक लिहिलंय ना, ते मी वाचत गेलो आणि अंगठीपाशी थांबलो, कारण एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच माणसात एकाच काळात होत असतील तर त्यांचं मूळ एकच असण्याची शक्यता फार. तुमच्या वडिलांना ॲक्रोमेगाली आहे का हे तपासलंच पाहिजे. १८८६ साली पिएर मारी नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं ह्या आजाराला हे नाव दिलं, पण आज एवढ्या वर्षांनी सुद्धा तो सापडायला कित्येक वर्षं जातात, कारण बदल इतका हळूहळू होतो की रोज ताटाला ताट लावून जेवणाऱ्या माणसांना तो दिसत नाही. बारा वर्षांनी भेटलेला मावसभाऊ दारातच म्हणतो, अरे तुझा चेहरा किती बदलला.

ह्यात पिट्युटरीची गाठ ग्रोथ हार्मोन जास्त बनवते. लहान वयात झालं तर उंची वाढत जाते, मोठेपणी हाडांची टोकं बंद झालेली असतात म्हणून हाडं लांब न होता जाड होतात. जबडा पुढं येतो, खालच्या दातात फटी पडतात, कपाळाचं हाड वर येतं, जीभ मोठी होते आणि म्हणून घोरणं. मनगटातली नस दबते, त्यानं रात्री मुंग्या येतात, मणक्याचा त्यात काही संबंध नसतो. हे हार्मोन इन्शुलिनच्या विरुद्ध काम करतं म्हणून तीन-तीन गोळ्या खाऊन पण शुगर जागची हलत नाही. आवाज जाड होतो, मानेवर चामखिळीसारखे कोंब येतात, घामाचा वास बदलतो.

आता करायचं काय ते सांगतो. वडिलांचे जुने फोटो काढा, लग्नातला, आधार कार्डावरचा, मागच्या दिवाळीचा, आणि एका कागदावर ओळीनं चिकटवा. डॉक्टरला हे फोटो दाखवले की अर्धं निदान तिथंच होतं, मी हे अगदी मनापासून सांगतोय. मग रक्ताची आयजीएफ-१ नावाची तपासणी, ग्रोथ हार्मोनच्या हुकमानं लिव्हरमध्ये बनणारा हा पदार्थ, तिला उपाशीपोटी जावं लागत नाही. नुसतं ग्रोथ हार्मोन एकदा तपासून उपयोग नाही कारण ते दिवसभर वर-खाली होत असतं. आयजीएफ-१ वाढलेलं निघालं तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दर अर्ध्या तासाला ग्रोथ हार्मोन बघतात, साखर पोटात गेल्यावर ते दबायला पाहिजे, दबलं नाही की निदान पक्कं. शुगर आधीच फार वाढलेली असेल तर ही ग्लुकोजची तपासणी करायची का नाही ते डॉक्टर ठरवतील. त्यानंतर पिट्युटरीचा एमआरआय.

इलाज बहुतेक वेळा ऑपरेशनचाच, नाकातून दुर्बिणीनं, कवटी उघडायची गरज सहसा नसते. गाठ लहान असली तर निकाल चांगला लागतो, मोठी असली किंवा बाजूच्या रक्तवाहिन्यांना चिकटलेली असली तर काही भाग राहतो आणि मग महिन्याला एक इंजेक्शन किंवा रेडिएशन द्यावं लागतं. ऑपरेशननंतर सूज उतरते, घोरणं कमी होतं, शुगरच्या गोळ्या कमी होतात, पण वाढलेली हाडं परत बारीक होत नाहीत, म्हणून उशीर नको. एक महत्त्वाचं राहिलं, भूल देणाऱ्या डॉक्टरला घोरण्याचं आवर्जून सांगा, अशा माणसांच्या घशात नळी घालणं अवघड जातं. हृदयाची इको आणि मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी पण सांगतील, ते टाळू नका, ह्या आजारात आतड्यात कोंब व्हायचं प्रमाण जास्त असतं.

प्रश्न – वय २७, लग्नाला चार वर्षं झाली, लेकरू नाही. पाळी तीन-तीन महिने येत नाही आणि दाबलं की दोन्हीकडून दूध येतं. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी लागलंय. प्रोलॅक्टिन ७८ आलं. मेडिकलवाला म्हणाला डोक्यात गाठ असते ह्याच्यात. लई भ्या वाटायलंय. ॲसिडिटीची कॅप्सूल वर्षभरापासून चालू आहे. – परभणी

उत्तर – आधी भीती सोडा, बाळ. बाहेरचं काही लागलेलं नाही, आणि ७८ हा आकडा एकट्यानं गाठ सिद्ध करत नाही. प्रोलॅक्टिन म्हणजे पिट्युटरीचं अंगावर दूध आणणारं हार्मोन, बायकांमध्ये ते साधारण २५ पर्यंत ठीक धरतात, २०० च्या वर गेलं की गाठीचा संशय फार बळावतो, आणि मधल्या पट्ट्यात कारणं पुष्कळ असतात.

पहिलं कारण म्हणजे गरोदरपण, ती तपासणी आधी करा, पाळी आली नाही म्हणून सगळे गाठीच्या मागं लागतात आणि पोटात बाळ असतं असं होतं. दुसरं कारण थायरॉईड, टीएसएच फार वाढलेलं असलं की प्रोलॅक्टिन वाढतं आणि एमआरआयमध्ये ग्रंथी सुजून गाठीसारखी सुद्धा दिसते, थायरॉईडची गोळी चालू केली की ती उतरते. आणि तिसरं कारण तुमच्या औषधाच्या डब्यात असण्याची शक्यता आहे. तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय की ॲसिडिटीची कॅप्सूल वर्षभर चालू आहे. त्या पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात डॉमपेरिडॉन किंवा लेवोसल्पिराईड लिहिलंय का बघा. आपल्याकडं पोटात जळजळ म्हटलं की ह्यातलं एखादं औषध असलेली कॅप्सूल देतात, लोक ती चहाच्या आधी महिनोन्‌महिने घेतात, आणि ती दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. उलटीची मेटोक्लोप्रमाईड, मानसिक आजाराची रिस्पेरिडोन ही पण त्यातलीच. ॲसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरला विचारून बदला, निदान तीन दिवस बंद राहू द्या आणि मग परत तपासा, सकाळी उठून दोन तासांनी, थोडं शांत बसून रक्त द्या कारण सुईच्या धास्तीनं पण आकडा वर जातो. मनाच्या आजाराचं औषध मात्र स्वतःहून एक दिवस पण बंद करायचं नाही, ते त्या डॉक्टरशी बोलूनच.

हे सगळं करून आकडा तसाच राहिला तर एमआरआय. गाठ निघाली तरी ह्या जातीच्या गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. कॅबरगोलिन नावाची गोळी आठवड्यातून एक-दोनदा, रात्री जेवणानंतर, सुरुवातीला मळमळतं आणि उठताना चक्कर येते, मग सवय होते. गाठ आकसते, पाळी सुरू होते आणि दिवस पण राहतात, म्हणून लेकरू पाहिजे ते तुमच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा, दिवस राहिले की गोळी बंद करायची की चालू ठेवायची हे गाठीच्या आकारावर ठरतं. आणि हो, नवऱ्याची पण तपासणी करायला लावा, चार वर्षं सगळी बोटं तुमच्याकडंच का.

ह्या गोळीबद्दल एक गोष्ट फार कमी जण सांगतात. काही जणांना ती घेताना जुगाराचा, खरेदीचा किंवा शारीरिक संबंधाचा अनावर नाद लागतो. मोबाईलवर कधी रमी न खेळलेला माणूस रात्रभर पैसे लावत बसतो आणि घरच्यांना वाटतं संगत बिघडली. असा बदल दिसला तर डॉक्टरला सांगा, डोस कमी केला किंवा गोळी बदलली की तो नाद सुटतो.

प्रश्न – वय ३६, जालना. हे कुणाला बोलता येईना म्हणून लिहायलोय. दोन वर्षांपासून इच्छाच होत नाही, बायको गैरसमज करून घेते. दाढी पण पंधरा दिवसाला केली तरी चालते. जडीबुटीवाल्याला पंचवीस हजार दिले. डोकं दुखतं. अजून एक, मोटरसायकल चालवताना बाजूनं आलेलं वाहन दिसतच नाही, दोनदा कट बसला. डोळ्याच्या डॉक्टरनं तपासलं तर शेवटची ओळ पण वाचली, म्हणाले नजर चांगली आहे.

उत्तर – दादा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलं. बसस्टँडच्या भिंतींवर ज्या जाहिराती रंगवलेल्या असतात ना, त्यातला एकही जण तुमचं प्रोलॅक्टिन तपासणार नाही, आणि तुम्हाला तीच तपासणी आधी लागणार आहे. पुरुषात पण प्रोलॅक्टिन वाढतं, ते वाढलं की टेस्टोस्टेरॉन खाली जातं, इच्छा जाते, दाढी विरळ होते, कुणाकुणाची छाती वाढते. बायकांची पाळी चुकते म्हणून त्या लवकर डॉक्टरकडं येतात, पुरुष लाजेपायी गप्प बसतो, तोवर गाठ मोठी झालेली असते, आणि पुरुषात ह्या गाठी मोठ्याच सापडतात त्यामागं हे एक कारण आहेच.

आता डोळ्याचं. भिंतीवरचा तक्ता वाचताना आपण समोर बघतो आणि ही गाठ डोळ्यांच्या नसा जिथं ओलांडतात तिथं खालून दाबते, त्यामुळं आधी बाहेरच्या बाजूची नजर जाते, उजव्या डोळ्याची उजवीकडली, डाव्याची डावीकडली. शेवटची ओळ वाचता येते आणि शेजारून येणारा टेम्पो दिसत नाही. घरी असं करून बघा, बायकोला समोर हातभर अंतरावर बसवा, एक डोळा झाका, दुसऱ्यानं तिच्या नाकाकडं बघत राहा आणि तिला बाजूनं बोट हलवत हलवत मध्ये आणायला सांगा, मग दुसऱ्या डोळ्यानं. बोट फार उशिरा दिसलं तर समजा गडबड आहे, पण दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका, डोळ्याच्या दवाखान्यात पेरिमेट्री किंवा फील्ड टेस्ट म्हणून मागा, ती मशीनवर होते. बायकोला ह्या तपासणीला सोबत न्या, ही हार्मोनची गोष्ट आहे हे तिच्या कानावर डॉक्टरकडून पडू द्या, दोन वर्षांचा गैरसमज मिटेल. आणि तोपर्यंत गाडी चालवू नका, हे मी विनंती करून सांगतोय.

रक्तात प्रोलॅक्टिन, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल म्हणजे ॲड्रिनलचं हार्मोन, आणि फ्री टी-४ म्हणजे थायरॉईडचं हार्मोन बघा. एमआरआयमध्ये गाठ खूप मोठी आणि प्रोलॅक्टिन मात्र जरासंच वाढलेलं असं निघालं तर लॅबला नमुना पातळ करून परत तपासायला सांगायचं, कारण प्रोलॅक्टिन अतोनात असलं की काही मशीन फसतात आणि खोटा कमी आकडा देतात. ते कळलं नाही तर गोळीनं विरघळणाऱ्या गाठीचं ऑपरेशन होऊन बसतं.

प्रश्न – आमचे दादा (वडील) ६८ वर्षांचे, औंढ्याजवळ राहतो, शेती आहे. वर्षात तीनदा ॲडमिट केलं, दरवेळी सोडियम कमी. सलाईन लावली की उठून बसतात, घरी आणलं की महिन्यात परत तेच. जेवणात मीठ वाढवलं, मिठाच्या कॅप्सूल दिल्या. तोंडाला चव नाही, बसल्याजागी झोपतात, पांढरेफटक पडलेत. थायरॉईड नॉर्मल आहे म्हणे. – हिंगोली

उत्तर – हे पत्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अशी म्हातारी माणसं आपल्याकडं घरोघर आहेत आणि वय झालं म्हणून त्यांना खाटेवर सोडून दिलं जातं.

एकदा सोडियम कमी झालं तर उलट्या, जुलाब, बीपीची पाणी काढणारी गोळी अशी कारणं असतात. परत परत होत असेल तर कॉर्टिसॉल तपासल्याशिवाय सोडायचं नाही. पिट्युटरीत हार्मोन न बनवणारी गाठ वाढत असली की ती चांगल्या ग्रंथीला दाबते, ॲड्रिनलला हुकूम पोचत नाही, कॉर्टिसॉल कमी पडतं, आणि कॉर्टिसॉल कमी असलं की शरीर पाणी धरून ठेवतं. मीठ शरीरात आहे, पण पाण्यात पातळ झालंय. म्हणून मिठाच्या कॅप्सूलनं हे सुटत नाही. तुम्ही पांढरेफटक लिहिलंय ते पण जुळतंय, ॲड्रिनलच स्वतः खराब झाली असती तर कातडी काळवंडली असती, पिट्युटरीच्या बिघाडात ती फिकट पडते. काखेतले केस गेलेत का तेवढं बघा.

आणि थायरॉईड नॉर्मल म्हणजे कुठला रिपोर्ट? बहुतेक नुसता टीएसएच. टीएसएच हे पिट्युटरीतूनच निघतं, तर ग्रंथी आजारी असली की ते वाढूच शकत नाही, आकडा नॉर्मल छापून येतो आणि खरा थायरॉईड हार्मोन तळाला गेलेला असतो. अशा वेळी फ्री टी-४ पाहिजेच. मागच्या अंकात मी ज्या दोन ओळी लिहिल्या होत्या त्या ह्याच होत्या.

तर सकाळी आठच्या सुमाराला कॉर्टिसॉल, सोबत फ्री टी-४, टीएसएच, सोडियम. कॉर्टिसॉल ३ मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की, मधला आकडा आला तर इंजेक्शन देऊन परत बघतात. दोन्ही हार्मोन कमी निघाले तर आधी कॉर्टिसॉलची भरपाई करणारं स्टेरॉईड, हायड्रोकॉर्टिसोन, आणि मगच थायरॉईडची गोळी, हा क्रम उलटा झाला तर माणूस कोसळतो, डॉक्टरांना हे माहीत असतं पण दोन चिठ्ठ्या दोन दवाखान्यातल्या असल्या की घोटाळा होतो, म्हणून घरच्यांनी लक्षात ठेवा. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी चालू झाली की ती ताप, जुलाब, ऑपरेशन अशा वेळी दुप्पट करावी लागते आणि एकादशीला पण चुकवायची नाही, पांडुरंगाला चालतं. खिशात चिठ्ठी ठेवायची, मला स्टेरॉईड चालू आहे, बेशुद्ध सापडलो तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन द्या.

ज्या आयांना बाळंतपणात भयंकर रक्तस्राव झाला, नंतर अंगावर दूधच आलं नाही आणि पाळी पण परत सुरू झाली नाही, त्यांच्यात सुद्धा हाच प्रकार वर्षांनी दिसतो. त्यात गाठ नसते, रक्त कमी पडून ग्रंथी सुकलेली असते, १९३७ साली शीहान ह्या डॉक्टरनं त्याचं वर्णन केलं. घरी अशी आजी असेल तर ती बाळंतपणाची हकीकत डॉक्टरला सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका.

प्रश्न – मी ऊसतोडीला जाते. पिशवी काढून सहा वर्षं झाली, वय ३४. आता अंगावरून दूध येतं आणि डोकं ठणकतं. पिशवीच नाही तर दूध कसं येतंय? – बीड

उत्तर – ताई, दुधाचा हुकूम पिशवीतून येत नाही, पिट्युटरीतून येतो, त्यामुळं पिशवी नसली तरी दूध येऊ शकतं. तुमच्या पत्रानं मला फार अस्वस्थ केलं. बीडमध्ये ऊसतोडीच्या बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या त्यावर २०१९ साली सरकारनं समिती नेमली होती, आणि तेव्हा सगळ्यांनी कंबरदुखी, कॅल्शियम, लवकर येणारं म्हातारपण ह्याबद्दल लिहिलं. अजून एक नुकसान आहे ते असं, की प्रोलॅक्टिनच्या गाठीची सगळ्यात आधीची खूण म्हणजे पाळी चुकणं, आणि पिशवी काढलेल्या बाईला ती खूणच मिळत नाही. म्हणून ज्यांची पिशवी गेलीय त्यांनी दूध येणं, डोकेदुखी, बाजूचं न दिसणं ह्याकडं दुप्पट लक्ष द्यायचं. तुम्ही कारखान्याला निघायच्या आधी प्रोलॅक्टिन आणि टीएसएच करून घ्या, सहा महिने पुढं ढकलू नका. आणि दुधासारखं न येता रक्त येत असेल, एकाच बाजूनं येत असेल, किंवा गाठ हाताला लागत असेल तर ते स्तनाचं दुखणं असू शकतं, त्याची तपासणी वेगळी आणि लगेच.

प्रश्न – बहीण ३२ वर्षांची. चेहरा गोल झालाय, पोट सुटलंय पण हातपाय काडीसारखे. पोटावर जांभळे पट्टे. खाली बसून भाकरी थापते, पण उठायला चुलीच्या ओट्याला धरावं लागतं. सारखी रडते, मानसोपचारवाल्याची गोळी चालू केली. सासरचे म्हणतात खाऊन खाऊन जाड झाली. – धाराशिव

उत्तर – जाड माणसाचे हातपाय पण जाड असतात. पोट सुटलंय आणि मांड्या वाळल्यात, खाली बसल्यावर उठता येत नाही, हे खाण्यानं होत नाही, हे शरीरात कॉर्टिसॉल जास्त झाल्याचं चित्र आहे. पोटावरचे पट्टे बोटभर रुंद आणि जांभळे आहेत का, जरा धक्का लागला की काळंनिळं पडतं का, बघा. रडण्याचं म्हणाल तर कॉर्टिसॉल मनावर पण काम करतं, उदासी, चिडचिड, झोप उडणं हे ह्या आजाराचंच अंग आहे, तिला नाटकी म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका.

पण गाठीकडं जायच्या आधी घर झडतीला घ्या. गुडघ्यासाठी कुणी कागदात बांधून दिलेल्या पुड्या, दम्याचं बिननावाचं चूर्ण, नायट्यावर किंवा गोरं होण्यासाठी चोळायची ट्यूब, ह्यात स्टेरॉईड मिसळलेलं असण्याचा दाट संशय धरायचा, आणि आपल्याकडं अशा चेहऱ्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. रक्त तपासलं तर एक गंमत होते, म्हणजे खरंतर गंभीरच गोष्ट, पुडी खाणाऱ्या माणसाचं स्वतःचं कॉर्टिसॉल तळाला गेलेलं असतं कारण बाहेरून मिळतंय म्हणून ॲड्रिनलनं काम थांबवलेलं असतं. म्हणून पुडी सापडली तर रागाच्या भरात चुलीत टाकू नका, एकदम बंद केली तर जीवाला धोका होतो, ती पुडीच घेऊन डॉक्टरकडं जा, ते हळूहळू उतरवतील.

पुडी, ट्यूब, इंजेक्शन काहीच नसेल तर मग तपासण्या. रात्री अकराला डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅमची गोळी घेऊन सकाळी आठला कॉर्टिसॉल बघतात, ते १.८ च्या खाली दबायला पाहिजे. जोडीला चोवीस तासांची लघवी नाहीतर रात्री उशिराची लाळ तपासतात. अमेरिकन सर्जन हार्वे कुशिंगनं १९१२ मध्ये अशी एक पेशंट लिहून ठेवली आणि १९३२ मध्ये ह्याचं मूळ पिट्युटरीत आहे हे मांडलं, त्याचंच नाव आजाराला आहे. ह्यातली गाठ कधीकधी इतकी बारीक असते की एमआरआयमध्ये दिसतच नाही, मग मोठ्या सेंटरला मेंदूजवळच्या शिरांमधून रक्त घेऊन शोधावी लागते, तेव्हा एमआरआय नॉर्मल आला म्हणून कुणी घरी पाठवलं तर तिथं थांबू नका.

प्रश्न – वाकलं की एका नाकपुडीतून पाण्यासारखं टपटप गळतं. ॲलर्जीच्या गोळ्या खाऊन दमले. – छत्रपती संभाजीनगर

उत्तर – सर्दीला दोन्ही नाकपुड्या लागतात, चिकट असतं, शिंका येतात. एकाच बाजूनं, स्वच्छ, वाकल्यावर धार, आणि घशात उतरलं तर खारट लागत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. गाठीनं खालचं हाड खाल्लेलं असलं की असं होतं, आणि मोठी गाठ गोळीनं आकसताना सुद्धा बूच निघाल्यागत पाणी सुरू होतं. गाठ नसतानाही होतं, डोक्याला मार लागून वगैरे. नाक जोरात शिंकरू नका, कुंथू नका, त्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं जा, बीटा-२ ट्रान्सफेरिन म्हणून तपासणी असते. ह्या वाटेनं जंतू आत जाऊन मेंदूज्वर होतो, म्हणून ताप आणि मान आखडली तर त्याच रात्री दवाखाना.

प्रश्न – गाडीवरून पडलो म्हणून एमआरआय केला तर पिट्युटरीत ४ मिलिमीटरची गाठ निघाली. काहीच त्रास नाही. झोप उडालीय. – नांदेड

उत्तर – झोपा. कुठल्याही कारणानं एमआरआय केलेल्यांमध्ये साधारण दहातल्या एकाला असं काहीतरी निघतं. १० मिलिमीटरच्या खालची गाठ लहान धरतात. प्रोलॅक्टिन, आयजीएफ-१ आणि डॉक्टरला वाटल्या तर आणखी एक-दोन तपासण्या एकदा करा, सगळं ठीक असेल तर वर्षभरानं परत एक एमआरआय, आणि गाठ तशीच असेल तर पुढं अंतर वाढवत जायचं. ऑपरेशनची घाई कुणी केली तर दुसरं मत घ्या.

प्रश्न – माझ्या चुलत्याला ही गाठ होती, माहीत नव्हतं. अचानक डोकं फुटतंय म्हणून ओरडले, उलट्या, एक पापणी मिटली. गावातल्या डॉक्टरनं मायग्रेनचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी दिसायचं बंद झालं. असं कधी ओळखायचं आणि अशा वेळी जायचं कुठं, खर्च केवढा? – अंबाजोगाई

उत्तर – तुमच्या चुलत्यांचं वाचून वाईट वाटलं. गाठीत एकाएकी रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो, ती फुगते आणि सगळं एकदम दबतं. आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं, उलटी, आणि त्यासोबत पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं किंवा नजर जाणं, हे एकत्र आलं की मायग्रेन म्हणून घरी झोपवायचं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असलेल्यांना हे होण्याची भीती जास्त. मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर घरच्यांनी एवढं विचारायचं, पिट्युटरीचं काही असू शकतं का आणि हायड्रोकॉर्टिसोन द्यायचं का. ते इंजेक्शन जीव वाचवतं, त्यासाठी रिपोर्टची वाट बघत नाहीत. साध्या सीटी स्कॅनमध्ये हे सुटू शकतं, एमआरआय लागतो. नजर गेली असेल तर ऑपरेशन काही दिवसांच्या आत झालेलं बरं.

कुठं जायचं तर जवळचं सरकारी मेडिकल कॉलेज, तुमच्या अंबाजोगाईचं, लातूरचं, नांदेडचं किंवा संभाजीनगरची घाटी, तिथं फिजिशियनला दाखवून पुढची दिशा घ्यायची, आणि हार्मोनचा वेगळा विभाग लागला तर मुंबईच्या केईएममध्ये तो आहे. ऑपरेशन नाकातून पिट्युटरीची नेहमी करणाऱ्या सर्जनकडंच करा, ह्यात हाताच्या सवयीनं फार फरक पडतो, आधी किती केलीत असं विचारायला लाजू नका. खर्चासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमच्या दवाखान्यात हे ऑपरेशन बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला भरती व्हायच्या आधीच विचारा, रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा. जाताना दाताच्या, डोळ्याच्या, शुगरच्या, बाईच्या डॉक्टरच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून एकाच पिशवीत न्या, चालू औषधांची रिकामी पाकिटं त्यात टाका, आणि एमआरआयचा नुसता छापील रिपोर्ट न नेता सीडी पण न्या, सर्जनला फोटो स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतात.